वरचे बारा सूर

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ही वही कामाची आहे. कोणता स्क्रू कुठून काढला, कोणती नळी कोणत्या भोकात होती, हे लिहून ठेवायला घेतली. चाळीस वर्षं हार्मोनियम दुरुस्त केले, पण कधी कागदाला पेन लावला नाही. पेटी उघडली की पुढचं पेटीच सांगते. आज टेम्पोतून जे उतरलं, ते मात्र काही बोलायला तयार नाही.

सानगडीच्या शोभाताई रामटेके, निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांचा हा पियानो. साधा नव्हे. याच्या पोटात भाते आहेत. खाली मागाला असतात तशा दोन पावड्या. पायानं त्या मारत राहायच्या, वर भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते आणि पट्ट्या आपोआप खाली-वर होतात. वाजवणारा नसला तरी वाजतो. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी वाजायचा.

बाईंचे वडील चंद्रभानजी तुमसरकडच्या एका मँगनीज खाणीच्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. बाई म्हणाल्या, "बाबाले हा रोज पुसा लागे. पुसाले बाबा चालत होते, वाजवाले नाही." साहेब गेला, बंगला मोडीत निघाला, तेव्हा चंद्रभानजींनी हा बैलबंडीवर घालून गावी आणला आणि धानाच्या कोठीशेजारी ठेवला. तो तिथेच राहिला. आता बाईंनी गावात वडिलांच्या नावानं अभ्यासिका बांधली आहे. २६ जानेवारीला उद्घाटन. त्या दिवशी हा वाजला पाहिजे.

"होईन का जी?" त्यांनी विचारलं.

"होते," मी म्हणालो.

तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं. ही माझी लेक, पाच वर्षांपासून माझ्याबरोबर काम करते. हात चांगला आहे. कान अजून कच्चा आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पुढची फळी काढली. उंदरांची तीन घरटी, बादलीभर कोंडा. त्यामागे अठ्ठ्याऐंशी सुरांचे अठ्ठ्याऐंशी छोटे भाते. कापड कुजलेलं, चामडं लाकडासारखं कडक. वरच्या बाजूला एक लांब पितळी पट्टी, तिला अठ्ठ्याऐंशी भोकं, प्रत्येक भोकातून एक बारीक नळी आपापल्या भात्याकडे गेलेली. कागद या पट्टीवरून सरकतो. कागदाचं भोक पट्टीच्या भोकावर आलं की हवा आत शिरते, भाता मिटतो, हातोडी तारेवर पडते.

तासभर नुसता पाहत बसलो. आपली पेटी हवा बाहेर फेकते, हा आत ओढतो. सगळं उलटं. पण भाता तो भाताच. हे एकदा कळल्यावर जिवात जीव आला.

गुंडाळी एकच आहे, पत्र्याच्या डब्यात. वरचं नाव पुसलं गेलंय, कुठली विलायती चाल आहे कोण जाणे. कागद असा वाळलाय की कोपरा दुमडला तर मोडतो. तृप्तीनं मोबाईलवर शोधलं, बाहेरदेशी दुसऱ्या गुंडाळ्या मिळतात म्हणे. पण बाईंना हीच पाहिजे. त्यांच्या वडिलांनी ऐकलेली हीच.

"बाबा, याले आता हात नका लावू," तृप्ती म्हणाली. "सगळं तयार झाल्यावरच चढवू."

बरोबर आहे तिचं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दिवसभर चामडं. प्रत्येक भात्याच्या झडपेखाली पैशाएवढी गोल चकती लागते. तृप्ती सरस लावत होती, मी कापत होतो. तिनं सांगितल्या तेवढ्या आठ कापून दिल्या आणि चहाला उठलो. परत आलो तर ती बसून.

"बाबा, साठ म्हणलं होतं मी."

"आठ म्हणली तू."

तिनं कातरी घेतली आणि उरलेल्या स्वतःच कापायला बसली. पोरीला स्पष्ट बोलायची सवय नाही. ओठातल्या ओठात बोलते आणि मग रुसते.

मंगळवार, २ डिसेंबर

कुकरची शिट्टी बिघडली आहे. मी कुकरजवळच बसून नळ्या साफ करत होतो. पार्वता अंगणातून धावत आली. "अजी, पाच शिट्ट्या झाल्या, गॅस नाही का बंद करता येत?" एकही झाली नव्हती. बाजारातून नवी शिट्टी आणली. तिनं ती हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि फळीवर ठेवून दिली. लावली नाही.

चाळीस वर्षं माझी बायको आहे, पण कधी कधी तिचं काय चाललंय कळत नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज तृप्तीशी वाजलं. मोठा भाता बसवला, नळ्या जोडल्या, पावड्या मारून पाहिल्या. पाय भक्कम दाबला जातो. मी म्हणालो, हवाबंद झाला. ती म्हणाली, "नाही बाबा, उजव्या अंगानं हवा चोरून राहिला. सूं-सूं येऊन राहिलं."

मी कान लावला. काही नाही.

"तुले भास होते," मी म्हणालो.

तिनं उदबत्ती पेटवली आणि उजव्या बाजूनं फिरवत नेली. एका सांध्यापाशी धूर सरळ आत ओढला गेला. मग दुसऱ्या. असे चार. मी चारही बुजवले. तिला उदबत्ती सुचली हे चांगलंच झालं. पण चार ठिकाणी हवा जाते आणि माझ्या कानाला कळत नाही, असं कधी झालं नव्हतं. सर्दी असेल. थंडी पण यंदा फार आहे.

रविवार, १४ डिसेंबर

चढवली!

तृप्तीनं गुंडाळी दोन्ही हातांनी उचलून बसवली, तान्ह्या लेकराला धरतात तशी. मी पावड्या मारू लागलो. आधी नुसता कागद सरकला, मग खालचे सूर बोलले, घोगरे, मग मधले. कोणाचा हात लागत नाही आणि पट्ट्या खाली जातात, वर येतात. पार्वता दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तृप्ती मोबाईलवर रेकॉर्डिंग करत होती आणि रडत होती.

पण चाल वर चढते तिथे घात होतो. शेवटचे बारा सूर मुके. पट्टी खाली जाते, हातोडी पडते, लाकडाचा ठक आवाज येतो आणि बस.

"वरचे बारा बोलत नाही," मी म्हणालो.

"बोलून राहिले ना बाबा."

"ठक ठक ऐकू येते मले फक्त."

तिनं पार्वताकडे पाहिलं. "थोडे बारीक आहेत," एवढंच म्हणाली. माझं मन राखायला. मला हे आवडत नाही. काम अर्धं झालं तर अर्धं झालं म्हणावं.

गुरुवार, १८ डिसेंबर

वरच्या बारांचं चामडं परत बदललं. नागपूरहून आणलेली नवी तार घातली. बोटानं जोरात मारलं तर थोडं काहीतरी वाटतं, कागदावर मात्र मुके. म्हणजे तिथवर हवेची ओढ पोचत नाही. गुंडाळी परत चढवली. तेच.

तृप्ती म्हणाली, "कागद कायले लावता? पट्टीच्या भोकाईवर चिकटपट्टी लावा आणि एक एक उघडून पाहा." मी म्हणालो, सगळे एकदम वाजतात तेव्हाच खरी ओढ कळते. तुला काय कळते त्यातलं.

शनिवार, २७ डिसेंबर

शोभाबाई येऊन गेल्या. मी मधल्या सुरांवरचा भाग वाजवून दाखवला. वरच्या भागाआधी थांबलो. त्या खूप वेळ काहीतरी बोलल्या, खाली मान घालून. बहुतेक वडिलांबद्दल. मी 'हो जी, हो जी' म्हटलं. त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "मी विचारून राहिली का लाईट गेली तरी चालते ना हे?"

आजकाल सगळ्यांनाच तोंडातल्या तोंडात बोलायची खोड लागली आहे.

घरी दुसरंच सुरू आहे. मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजतात आणि मी गेलो की गप्प होतात. काल पार्वता म्हणाली, "नागपूरले जाऊ एक दिवस. एका डॉक्टरले दाखवू." कोणाला दाखवायचं विचारलं तर म्हणे, दोघांनाही, वय झालं. मला सगळं समजतं. तृप्तीला नागपुरात स्वतःचं दुकान टाकायचं आहे, जागा पाहून ठेवली असेल. माझ्या तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून डॉक्टरचं निमित्त. जा म्हणावं. पण सव्वीस तारीख झाल्यावर.

शुक्रवार, २ जानेवारी

आठव्यांदा गुंडाळी चढवली. डाव्या कडेला फाटली, बोटभर. तृप्तीनं मागून पातळ कागद चिकटवला.

"बाबा, आता नाही. पाया पडते तुमच्या. कागद मरून राहिला."

"वरचे बारा मुके ठेवून देऊ का बाईले?"

"मुके नाहीत ते!"

"मंग मी खोटा आहो का?"

ती काहीतरी बोलणार होती. पार्वतानं तिचा दंड धरला आणि आत नेलं. मी एकटाच पावड्यांवर बसून राहिलो. चाळीस वर्षं माझ्या कानावर जगलो. भंडाऱ्यात, साकोलीत, पवनीत, कुठल्याही भजनी मंडळाला विचारा, पेटी कोणाकडे द्यायची. आणि पाच वर्षं काम शिकलेली पोरगी मला सांगते.

माझी खात्री आहे. वरच्या तारा तिनं ढिल्या ठेवल्या आहेत. मोबाईलची सुई पाहून सूर लावते. सुई पाहून कधी सूर लागतो?

रविवार, ४ जानेवारी

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी वरच्या तारा मी स्वतः ओढायला घेतल्या. खुंटीला चावी लावली आणि बोलेपर्यंत ताणायची असं ठरवलं. बोलेना. अजून थोडी. तृप्ती आत आली, ओरडली, "बाबा, सोडा, लई वर गेली ती!" आणि माझा हात धरायला वाकली. तेवढ्यात तार तुटली.

मला आवाजही आला नाही. फक्त तृप्तीनं चेहऱ्यावर हात ठेवला आणि बोटांमधून रक्त आलं.

भुवईवर सहा टाके. डोळा वाचला, बोटभर खाली असतं तर गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पार्वतानं मला नंतर सांगितलं. तिथे डॉक्टर माझ्याकडे पाहून तीनदा काहीतरी विचारत होते आणि मला वाटलं, ते पेशंटचं नाव विचारतात. ते विचारत होते, हे झालं कसं.

तृप्ती घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी ऑटोत तिच्या शेजारी बसलो होतो. बोललीही असेल.

मंगळवार, ६ जानेवारी

मायलेकी पट्टी बदलायला दवाखान्यात गेल्या. मी दुकान उघडलं. म्हटलं, आज एकदाच. एकदाच चढवून पाहतो, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. तिची तरी चूक किंवा माझी तरी.

ही नववी वेळ. पहिल्या वळणाला कागद तिरका सरकला. थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही, पावड्या जोरात मारल्या. वरचा भाग जवळ आला होता, हातोड्या उठत होत्या, ठक, ठक, ठक. कागद मधोमध फाटला. मी पाय काढला तरी भात्यात ओढ उरलेली होती, रीळ फिरतच राहिलं आणि कागद ओढून ओढून चुरा करत गेलं. मी हात घातला. हातात तुकडे आले.

त्या परत आल्या तेव्हा मी जमिनीवर बसून तुकडे गोळा करत होतो. मला वाटलं, तृप्ती आता ओरडेल. ती माझ्यापुढे खाली बसली. कपाळावर पांढरी पट्टी. मोबाईल काढला, सूर दाखवणारी ती सुई लावली आणि माझ्या हातात दिला. मग उठून पियानोची शेवटून तिसरी पट्टी दाबली.

ठक.

सुई उठली. मधोमध आली, थरथरली आणि हळूहळू खाली गेली. कितीतरी वेळ.

परत दाबली. ठक. सुई परत उठली.

माझ्या हातात सूर वाजत होता आणि मला ऐकू येत नव्हता.

तृप्ती माझ्यासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, सगळे वाजतात. पयल्या दिवसापासून वाजतात."

बुधवार, ७ जानेवारी

पेटीचे सूर एवढे वर जातच नाहीत. म्हणून इतके दिवस निभलं.

ही वही दुसरं कोणी वाचत नाही, तेव्हा खरं लिहितो. मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी लाखांदूरकडे एका नाटकात ऑर्गनवर होतो. नटीनं संवाद संपवला, मी सुरू करायचं होतं. तिनं काय म्हटलं तेच मला कळलं नाही. ती माझ्याकडे पाहत उभी. लोक हसले. मी स्पीकरवाल्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या, आणि त्यानंतर नाटकाला गेलो नाही. घरी सांगितलं, कंबर धरते. वीस वर्षं नाटकांत वाजवताना त्या स्पीकरच्या तोंडाशी बसलो, कान जातील असं तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, तेही माहीत नाही.

पोरीच्या भुवईवर टाके आहेत. नागपूरचं दुकान वगैरे काही नव्हतं. कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली होती तिनं.

शुक्रवार, ९ जानेवारी

एसटीनं सानगडीला गेलो. तृप्ती सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोरीचं पीक हिरवंगार आलं होतं. मला वाटत होतं, बस कुठेतरी बंद पडावी.

बाई अभ्यासिकेत होत्या, कपाटांत पुस्तकं लावत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कान, नऊ वेळा, कागद, सगळं. मी म्हणालो, "बाई, मोठ्यानं बोला. मले कमी ऐकू येते." हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

त्या मोठ्यानं बोलल्या.

"नऊ वेळा चालवला. गरज किती वेळची होती?"

"एकदाची."

"माह्या बाबानं तो डबा मरेपर्यंत उघडला नाही, फाटन म्हणून. त्याहीले ऐकाचा नव्हता का तो?"

त्या पुस्तकं लावत राहिल्या. एक पुस्तक उलटं ठेवलं, परत काढलं.

"पियानो हातानं वाजते," मी म्हणालो. "तृप्ती वाजवन."

"हातानं तर साहेबबी वाजवत होता," बाई म्हणाल्या. "बाबाले तो आवडे, त्यात कोणाचा हात नाही म्हणून. बाबा म्हणे, हा कोणाले विचारत नाही तू कोण."

माझ्या आजोबानं यांच्या घरचं पाणी घेतलं नसतं. मी आज त्यांच्याच समोर मान खाली घालून उभा होतो, आणि त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. बरोबर होतं ते.

निघताना त्यांनी मागून हाक मारली असावी. मला ऐकू आली नाही. त्या दारापर्यंत आल्या, माझ्या खांद्याला हात लावला. "तुकडे कुठी आहेत?"

"माह्याजवळ."

"एकबी फेकू नका."

शनिवार, १० जानेवारी

आज सकाळी पार्वतानं खाटेवर पांढरी चादर अंथरली आणि तुकडे लावायला बसली. मी म्हणालो, काय करतेस, हा आता जोडला तरी चालणार नाही.

"चालवाचा कोणाले आहे? उतरवाचा आहे."

मला कळलं नाही. तिनं हातातला तुकडा उजेडात धरला. "मोहाडीले माह्या बाबाच्या मागावर काठाची नक्षी होती. पुठ्ठ्याले भोकं पाडावी लागे, तसा धागा उचले. लग्न होईपर्यंत ते काम माह्याकडे होतं. एक पुठ्ठा फाटला का दुसऱ्यावर ठेवून तसाच पाडाचा." मग माझ्याकडे पाहून मोठ्यानं म्हणाली, "भोकाले काय समजते, साडीचा काठ आहे का गाणं आहे?"

चाळीस वर्षं मी या बाईसोबत राहतो. दोन महिने हा कागद माझ्या दुकानात होता आणि रोज ती चहा घेऊन येत होती. मी तिला एकदाही त्याच्याजवळ बोलावलं नाही.

रविवार, १८ जानेवारी

कागद एका छापखान्यातून मिळाला, रिळाचा उरलेला. पातळ पण चिवट. भोकं पाडायला पितळेची नळी हवी होती, एका टोकाला धार लावलेली. भांड्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिरानं तीन करून दिल्या, कशाला पाहिजे म्हणून विचारलं नाही.

पन्नास फूट कागद. भोकं चार हजारांवर आहेत. पार्वता सकाळी उन्हात बसते, खाली लाकडाचा ठोकळा, वर जुना तुकडा, त्याखाली नवा कागद. मी कागद ताणून धरतो. ती बोलत नाही, ओठ मिटून मोजते. संध्याकाळी तिचा अंगठा सुजलेला असतो, मी गरम पाण्याचं भांडं पुढे ठेवतो.

बऱ्याच ठिकाणी जुन्या कागदाचा निव्वळ चुरा झाला आहे. तिथे काय होतं हे पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगवरून काढावं लागतं. खालचे आणि मधले सूर मी ऐकून सांगतो. वरचा भाग आला की तृप्ती कानाला मोबाईल लावते, आणि मी गप्प बसतो. काल ती एका जागी अडली. दोन सूर एकदम आहेत की पाठोपाठ, कळेना. सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिला आठवलं. मलाही.

"मायले विचार," मी म्हणालो. "कागदाची कड कशी फाटली ते पाह्यलं तर तिले समजन."

पार्वतानं तुकडा डोळ्याजवळ नेला. "पाठोपाठ," ती म्हणाली.

शनिवार, २४ जानेवारी

काल रात्रीपर्यंत पूर्ण झाला नव्हता, आज दुपारी झाला. तृप्तीनं तुटलेल्या तारेच्या जागी नवी घातली, वरचे सगळे सूर तिनंच लावले. मी त्या वेळी अंगणात जाऊन बसलो. आत आलो तेव्हा ती चावी पुसून ठेवत होती. टाके काढले आहेत. भुवईत केस येणार नाहीत तेवढ्या जागी.

नवी गुंडाळी चालवून पाहिलेली नाही. तृप्ती म्हणाली, एकदा तरी पाहू. पार्वता नाही म्हणाली. कागद नवा आहे, दहा वेळा चालवला तरी काही होणार नाही. पण ती नाहीच म्हणाली, आणि मी तिच्या बाजूनं झालो. पहिल्यांदा तो सानगडीलाच वाजू दे.

परवा तीनशे माणसं असतील. एक भोक तिरकं पडलं असेल आणि कागद अडकला तर?

सोमवार, २६ जानेवारी

झेंडा झाला, भाषणं झाली. अभ्यासिकेत माणूस मावत नव्हता. पोरं खिडक्यांच्या गजांना लोंबकळत होती. चंद्रभानजींच्या फोटोला हार होता आणि त्याखाली पियानो. मी पावड्यांकडे निघालो. बाईंनी हात आडवा धरला.

"मी मारते."

अडुसष्ट वर्षांची बाई, पांढरी साडी, वहाणा काढून बसली. पहिल्या दोन पावड्या हलक्या पडल्या, कागद हललाच नाही. तृप्ती बाईंकडे वाकून मोठ्यानं म्हणाली, "जोरात, बाई, घाबरू नका." त्यांनी दात आवळून पाय दाबला.

खालचा सूर आला. मग मधले. पट्ट्या चालू लागल्या आणि खिडकीतलं एक पोरगं किंचाळलं, "अबे, कोणीच नाही वाजवून राहिलं!" लोक हसले, पुढे सरकले. बाई हसल्या नाहीत. त्या समोर कागद पाहत होत्या आणि पाय मारत होत्या, जणू थांबलं तर कोणी उठवून देईल.

वरचा भाग आला. मी हातोड्यांकडे पाहिलं नाही. मी लोकांकडे पाहिलं. समोर एक म्हातारी बसली होती, कोण ते माहीत नाही. वरच्या पट्ट्या पळू लागल्या तशी तिची मान आपोआप वर झाली, पाखरू उडालं की होते तशी. मग शेजारच्या बाईची. मग पोरांची. मी मोजलं, बारा वेळा.

संपल्यावर बाई उठल्या नाहीत. डोक्यावरून पदर घेतला, वडिलांच्या फोटोकडे पाहिलं आणि कागद परत गुंडाळायला लावला. परत वाजवला. तीनदा वाजवला. मग आमच्याकडे आल्या. मला वाटलं, काही बोलतील. त्यांनी पार्वताचा सुजलेला अंगठा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. माझ्याकडे फक्त मान हलवली. मला त्याहून जास्त नको होतं.

परतीच्या टेम्पोत पार्वता माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी, उजव्याशी, वाकून म्हणाली, "एक भोक चुकलं माह्यं. वरच्या भागात. तीनही वेळा चुकीचं वाजलं."

"मले नाही समजलं."

"म्हणून तर सांगून राहिली," ती म्हणाली.

गुरुवार, २९ जानेवारी

नागपूर. कानाची तपासणी.

काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर जाड हेडफोन. पलीकडे एक तरुण मुलगी यंत्रासमोर. खुणेनं सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. खालचे आवाज आले, मी बोट वर केलं. मधले आले, केलं. मग ती वर चढू लागली.

काचेतून मला तिचा हात दिसत होता. ती बटण दाबायची तेव्हा तिचा अंगठा हलायचा आणि भुवई थोडी उचलली जायची. तेवढं मला पुरलं असतं. किती वर्षं मी हेच केलं: लोकांचे ओठ पाहिले, मान पाहिली, 'हो जी' म्हटलं. तिथेही सगळ्या वेळा बरोबर बोट वर करता आलं असतं आणि मी तपासणीत पास झालो असतो.

बाहेर बाकावर तृप्ती बसली होती. काचेतून तिची कपाळावरची खूण दिसत होती.

मी डोळे मिटून घेतले आणि हात मांडीवर ठेवला. मुलगी बटणं दाबत असेल. मी हात उचलला नाही. खूप वेळ गेला. मग खांद्याला कोणीतरी हात लावला, तेव्हा डोळे उघडले.